चांद्ररात्रीचं बटण

एकसष्ट अंश

"हात लावू नकोस, भाजेल!" अविराज ओरडला. पण तोवर छकुलीने हात लावलाच होता.

"आई गं!" तिने बोटं तोंडात घातली. "ह्यो डबा न्हाय, तवा हाय!"

"तवाच व्हायला पाहिजे." संजीवनी गोठ्याच्या पत्र्यावर ओलं पोतं टाकून पालथी पडली होती. डब्याच्या फटीला तिने एक डोळा लावला होता. "एकसष्ट! अवी, लिही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, आत एकसष्ट!"

"चंद्रावर एकशेवीस असतं," अविराज लिहिता लिहिता म्हणाला.

"मग काय, पत्र्याखाली चूल पेटवू?"

"पेटवा की!" खालून शंभूराज ओरडला. शिडी धरायचं काम त्याच्याकडे होतं. "आमच्या गोठ्याला चूल लावलेली आमच्या आबांना लई आवडंल!"

साल १९९८. एप्रिल सरत आला होता. अविराज म्हणजे संजीवनीचा मामेभाऊ, आणि छकुली तिची धाकटी बहीण. सुट्टी लागताच अविराज बारामतीहून अंथुर्ण्याच्या पुढच्या शेरीच्या वाडीत आला होता, आणि येताना दोन चिजा घेऊन आला होता. एक वर्तमानपत्राचं कात्रण. दुसरा शाळेतल्या सरांकडून मागून आणलेला तापमापक. दिवसभरात सगळ्यात गरम किती झालं आणि सगळ्यात गार किती, दोन्हींच्या खुणा तो तापमापक आपोआप जपून ठेवायचा.

कात्रणात लिहिलं होतं, की चंद्राच्या ध्रुवांपाशी जे खोल खड्डे आहेत, जिथे ऊन कधीच पोचलेलं नाही, तिथे बर्फ असण्याची चिन्हं सापडली आहेत. बर्फ! म्हणजे पाणी! मग आज ना उद्या तिथे यंत्र पाठवावं लागणार. ते यंत्र टिकणार कसं? जूनमधल्या विज्ञान प्रदर्शनात या चौघांना हेच दाखवायचं होतं. यंत्र म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एक बाजू काजळीने काळी केलेली, दुसरीला चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवलेला. आत दोन सेल, एक दिवा, आणि छोट्या बाटल्यांत पाणी, शिलाई मशीनचं तेल, पांढरा गोंद.

"तिथं हवा नाही," अविराजने शंभराव्यांदा सांगितलं. "म्हणून उन्हातली बाजू भाजते आणि सावलीतली गोठते. एकाच यंत्राच्या दोन बाजू! मध्ये वीतभर अंतर!"

"आणि सावली काळीकुट्ट," संजीवनी म्हणाली. "आपल्याकडे सावलीतसुद्धा आभाळाचा उजेड येतो. तिथं आभाळच काळं. सावलीत गेलं की आपलं पाऊलसुद्धा दिसायचं नाही."

शंभूराज शिडी सोडून विचार करू लागला. छकुली किंचाळली तेव्हा त्याने ती परत धरली. "आरं, पण ध्रुवावर सूर्य डोक्यावर येतच न्हाय ना? कडंकडंनंच फिरतो. मग यंत्राची उन्हावर वीज करणारी पट्टी आडवी ठिवून काय करता? उभी करा, दारावाणी!"

अविराजने पेन्सिल कानावरून काढली. "शंभ्या, हे तुला आत्ता सुचलं?"

"आत्ता न्हाय तर काय! शिडी धरून धरून दुसरं काय करू?"

उणे सात अंश

दिवस झाला, आता रात्र हवी. चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची. थंडी उणे दीडशेच्याही खाली. रशियाने पूर्वी एक गाडी पाठवली होती. ती रात्री झाकण मिटून घ्यायची आणि पोटातल्या शेगडीवर जगायची. पण वाडीत मे महिन्याच्या तोंडावर थंडी आणायची कुठून?

फ्रिज एकच होता, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर इंदापूरहून फक्त सोमवारी यायचे. बाकी दिवस कंपाउंडर सावळाराम काकांचं राज्य. काका शेंगा सोलत बसले होते.

"चंद्र? ह्या फ्रिजमधी?" ते खो खो हसले. "ठिवा की! लसीच्या बाटल्यांशेजारी ठिवा, त्यास्नी बी सोबत व्हईल."

"काका, बटण तीनवर आहे," संजीवनी फ्रिजमध्ये वाकून म्हणाली. "सातवर करू?"

"कर. लसीला गारच लागतंय. जितकं गार तितकं चांगलं."

तिने बटण फिरवलं. कट्. कट्. कट्. कट्.

दोन रात्रींनी डबा बाहेर काढला, तर त्यावर पांढरं बर्फ साचलेलं! पाण्याची बाटली तडकलेली! तापमापकाची खूण थेट उणे सातवर! चौघे दवाखान्याच्या ओसरीत नाचले. छकुलीने डबा डोक्यावर घेतला. संजीवनीने मात्र निघण्याआधी बटण आठवणीने परत तीनवर आणलं. ती तशी शिस्तीची.

*वही, पान नऊ*

*दिवस ६१. रात्र उणे ७.*
*पाणी: बाटली फुटली.*
*तेल: घट्ट झालं.*
*दिवा: लागत नाही. तारेचा सांधा सुटला. (अवी: तार वेगळी फुगते, सांध्याचं कथील वेगळं फुगतं. फुगून आकसून मध्ये चीर पडते.)*
*गोंद: गोठला होता. आता पातळ. दिसायला ठीक.*

एकोणचाळीस अंश

एवढं मेंढीचं अंग गरम असतं. हे संजीवनीला तिच्या आजोबांनी, तात्याबांनी, सांगितलं होतं, तेही तापमापकाशिवाय, कानाच्या मुळाशी बोट ठेवून.

तात्याबांचा कळप वाडीतला शेवटचा. एके काळी इथल्या घराघरात मेंढरं होती. मग कालवा आला, ऊस आला, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी कारखान्यात लागलं. तात्याबांनी मात्र तीस मेंढरं राखली होती. प्रत्येकीला नाव होतं. आणि एकीलाही आजवर सुई लागली नव्हती.

"माझ्या बापानं न्हाय टोचली, त्याच्या बापानं न्हाय टोचली!"

"तात्या, कोवळं जास्त खाल्लं की मेंढीच्या पोटात विष होतं. आंत्रविषार म्हणतात त्याला. त्याची लस आहे, फुकट आहे! पावसाआधी टोचायची." संजीवनी आठवडाभर मागे लागली होती. "का मी शाळेत शिकते ते सगळं खोटं?"

तात्याबांनी हातातली काठी खाली ठेवली.

"तुज्या भरवशावर हां, संजे," ते म्हणाले.

दोन मे रोजी सावळाराम काकांनी तीसही मेंढरं टोचली. दोन आठवड्यांनी पुन्हा टोचली. दोन्ही वेळा मेंढ्यांची तोंडं संजीवनीने धरली. रिकाम्या बाटल्या छकुलीने बाहुलीच्या दवाखान्यासाठी मागून घेतल्या.

मग शंभूराजचे वडील, हिंदुराव, यांच्या रानातला कोबी निघाला. त्यांनी नेहमीप्रमाणे तात्याबांना सांगावा धाडला, की तीन रात्री मेंढरं रानात बसवा. रानाला खत, मेंढरांना उरलेला पाला. दोन्ही घरांचा हा व्यवहार दोन पिढ्यांचा. मेंढरांनी कोवळा पाला पोट फुटेस्तोवर खाल्ला.

तापमान नोंदवलं नाही

वीस मे. पहाटे दोन.

सूर्य उगवेपर्यंत सात.

पाय झाडायच्या, मान मागे टाकायच्या, आणि संपायच्या. तात्याबा एकीपासून दुसरीकडे धावत होते. नावं घेत होते. मग नावं घेणं थांबलं.

दुपारी चौदा.

संजीवनी पाणी आणत होती. कुणाला पाजायचं ते तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकोणीस.

तात्याबांनी डोक्याचा पटका सोडला आणि शेवटच्या कोकराच्या तोंडावर घातला. मग ते हिंदुरावांच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

"हिंदुराव, फवारा मारला व्हतास न्हवं? खरं सांग."

"तात्या, लेकराची शपथ! महिनाभर पंपाला हात लावला न्हाय!"

"मग माझी मेंढरं काय हसून मेली?"

"तुमी मला इख घालणारा म्हणता? मला?"

पुढे जे शब्द आले ते परत घेता येण्यासारखे नव्हते. दोन पिढ्यांचा व्यवहार तिथेच, बांधावर मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभूराज कुंपणाशी आला. त्याच्या हातात तापमापक होता. तो त्याच्याकडे राहिला होता.

"आबा म्हणालं, परत दिऊन ये. आन् परत जाऊ नको."

"शंभ्या..."

"मला जायाला पायजे, संजे."

त्रेचाळीस अंश

पण दुपारी, तापमापकात त्रेचाळीस असताना, तो कालव्याच्या कडेने लपतछपत आलाच.

"मी आलो न्हाय," तो धापा टाकत म्हणाला. "तुमी मला बघितलं न्हाय. कळलं?"

"नाही बघितलं," अविराज म्हणाला. "बस."

"आमच्या आबांनी इख घातलं न्हाय. मला ते सिद्ध करायचं हाय. तुमी डबा करता, इज्ञान करता, मग करा की!"

संजीवनीने डोळे पुसले. "चला."

हिंदुरावांच्या खोपीत फवारणीचा पंप टांगलेला होता. अविराजने त्याचं तोंड उजेडात धरलं. भोकाच्या आरपार कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यात कोळी!

"हा महिनाभराचा भाडेकरू आहे," अविराज म्हणाला. "पंप चालला असता तर हा वाहून गेला असता!"

"आन् आमची शेळी!" शंभूराजने बोट दाखवलं. "तोच कोबी रोज खाती. बघा कशी टगी झालीय!"

शेळीने अविराजची वही चघळायला घेतली. एरवी सगळे हसले असते.

"म्हणजे विष नाही," अविराज म्हणाला. "मग कोवळं खाऊन होतं ते, आंत्रविषार. पण त्याचीच तर लस टोचली होती!"

"दोनदा," संजीवनी म्हणाली.

छकुली सावलीत बाहुलीला औषध पाजत होती. "ताई, ह्या बाटलीत थोडं उरलंय. पण वाळू बसलीय खाली. बाहुलीला चालंल?"

"कसली वाळू?"

संजीवनीने बाटली हातात घेतली. वर निवळ पाणी, तळाशी पांढरे कण. हलवली. कण उठले आणि बघता बघता पुन्हा खाली बसले.

असं काहीतरी तिने पाहिलं होतं. कुठे? ती धावत घरी गेली. डबा उघडला. गोंदाची बाटली काढली. *दिसायला ठीक.* महिनाभरात तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. तळाशी गुठळ्या, वर पाणी. तिने दोन कागद चिकटवून पाहिले. चिकटले नाहीत.

गोठून वितळलेली वस्तू परत पूर्वीसारखी होत नाही.

बाटल्या शेजारी शेजारी होत्या. डबा आणि लस. दोन रात्री. उणे सात.

कट्. कट्. कट्. कट्.

"संजे?" अविराज दारात आला होता. "काय झालं? अगं, काय झालं?"

ती फक्त उजवा हात पुढे धरून उभी होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

चार अंश

"काका, सोमवारी सारजाबाईंची मेंढरं टोचू नका," अविराज म्हणाला. शनिवारची सकाळ होती. सारजाबाई पलीकडच्या वस्तीवरच्या. त्यांचा सत्तर मेंढरांचा कळप दोन दिवसांनी दवाखान्यात येणार होता. "फ्रिजमधली लस गोठून खराब झालीय."

"कोण म्हणतं?" सावळाराम काकांनी जाडजूड वही पुढे टाकली. "ही बघा सरकारी नोंद! रोजचं तापमान. चार, चार, चार, चार! एक दिस इकडं न्हाय की तिकडं न्हाय!"

अविराजने वही उलटून पाहिली. सगळे चार एकाच शाईत, एकाच झोकात, सरळ रांगेत.

"काका, रविवारी दवाखाना बंद असतो ना?"

"व्हय. कुलूप असतंय."

"मग रविवारचे चार कुणी लिहिले?"

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि तेवीस मेला," संजीवनीने पुढचं पान दाखवलं, "म्हणजे आज. संध्याकाळचं तापमान आत्ताच लिहिलंय तुम्ही. अजून दहा वाजले नाहीत!"

काकांनी वही खेचून घेतली. त्यांचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा. मग ते हळू आवाजात बोलले, आणि तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"सांगा की डॉक्टरला. आन् हे बी सांगा, फ्रिजमधी डबा कुणाचा व्हता. बटण कुणी फिरीवलं. सांगशील का गं पोरी? तुज्या तात्याला सांगशील?"

बाहेर आल्यावर अविराज म्हणाला, "हे बघ, बाटल्या खराब आहेत एवढंच सिद्ध करायचं. वीज जाते येते, फ्रिज जुना आहे. बटणाचं कुणाला सांगायची गरजच नाही. हिंदुराव काका सुटतात, सारजाबाईंची मेंढरं वाचतात. बास!"

"व्हय," शंभूराज म्हणाला. "मी बी कुणाला सांगणार न्हाय. मरेस्तोवर!"

संजीवनी आपल्या उजव्या हाताकडे बघत चालत राहिली.

पंधरा मिनिटं

सोमवारी दवाखान्यापुढे निम्मी वाडी जमली होती. सारजाबाईंची सत्तर मेंढरं, सारजाबाईंचा मोठा आवाज, सरपंच. एका टोकाला हिंदुराव, दुसऱ्या टोकाला तात्याबा. दोघे एकमेकांकडे पाठ करून.

"डॉक्टरसाहेब!" संजीवनी पुढे झाली. "तुम्ही इंदापूरहून नवीन लस आणलीय ना? त्यातली एक बाटली द्या. आणि एक या फ्रिजमधली. फक्त पंधरा मिनिटं द्या!"

"पोरांचा खेळ हाय, साहेब," सावळाराम काका घाईने म्हणाले. "उशीर व्हतोय..."

पण डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि थर्मासमधून बाटली काढून दिली. तिने दोन्ही बाटल्या जोरजोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्या गढूळ.

"आता?" सारजाबाईंनी विचारलं. "मंत्र म्हणायचा का?"

"थांबायचं," शंभूराज गर्दीतून म्हणाला. हिंदुरावांनी चमकून पोराकडे पाहिलं.

पाच मिनिटं. दहा. कुणीतरी खोकलं. फ्रिजमधल्या बाटलीत वरचा भाग निवळू लागला होता. कण खाली सरकत होते. नवी बाटली अजून दुधासारखी. पंधरा मिनिटांनी तर लहान पोरालाही फरक कळला असता.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "गोठलेली लस," ते म्हणाले. "टोचली काय आणि पाणी टोचलं काय, एकच. तात्याबा, तुमची मेंढरं आंत्रविषारानेच गेली. हिंदुरावांचा यात काही दोष नाही."

गर्दीत एकच गलका झाला. "शाब्बास पोरी!" "वा रे पोरांनो!" हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी हात वर केला.

"पण फ्रिज इतका गार झाला कसा? सावळाराम, बटण कुणी फिरवलं?"

सावळाराम काका खाली बघत होते. अविराजने संजीवनीचा हात घट्ट दाबला. शंभूराजने मान हलवली. नको.

आता ती गप्प बसली असती तर काहीच बिघडलं नसतं. चौघं आणि काका सोडून कुणालाच कळलं नसतं.

"मी," संजीवनी म्हणाली.

आवाज फारच बारीक आला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "मी फिरवलं. आमच्या डब्याला चंद्रावरची थंडी पाहिजे होती. काका कर म्हणाले, पण फिरवलं मी. तात्या..."

मग पुष्कळ काही झालं. डॉक्टरांनी सावळाराम काकांकडून फ्रिजची किल्ली काढून घेतली आणि चारांची वही आपल्या पिशवीत टाकली. "मुलांना काय माहीत? तुम्हाला माहीत असायला हवं होतं," ते त्यांना म्हणाले. सारजाबाईंनी संजीवनीची दृष्ट काढत आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "माजी सत्तर वाचवलीस गं लेकी!" सरपंच म्हणाले, प्रदर्शनाला हा डबा तालुक्याला गेलाच पाहिजे, गाडी मी देतो. डॉक्टर म्हणाले, इतकं स्पष्ट बोलणारी मोठी माणसंसुद्धा त्यांनी कमी पाहिली आहेत. हिंदुरावांनी चौघांना जवळ घेतलं.

एकेक शाबासकी येत होती आणि संजीवनी गर्दीत एकच चेहरा शोधत होती. तात्याबा तिथे नव्हते.

सायंकाळ

ती घरी गेली नाही. कालव्यावर बसून राहिली. छकुली दोनदा बोलवायला आली, दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा शेजारी नुसती बसून राहिली. बडबड न करता बसायची तिची ती पहिलीच वेळ.

उन्हं कलली तशी धूळ दिसली. तात्याबा मेंढरं घेऊन येत होते. हिंदुराव सोबत होते, पण दोन पावलं मागे. ते बांधापाशीच थांबले.

वाघरीला, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाला, एकच दार. रोज संध्याकाळी तात्याबा त्या दाराशी उभे राहायचे, हात खाली सोडायचे, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून तो हात फिरायचा. डोळ्यांनी त्यांनी कधी मोजलं नाही. मोजायचं ते हाताने.

संजीवनी लांबून बघत होती.

"आठ," तात्याबा म्हणाले. "नऊ. दहा. अकरा."

अकरावी आत गेली. हात तसाच राहिला. बोटं थोडी पसरलेली, पुढच्या पाठीची वाट बघत. त्या हाताला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

संजीवनी उठली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत नव्हतं. ती रस्ता ओलांडून आली, दाराशी खाली वाकली आणि त्या हाताखालून आत जाऊ लागली.

हात तिच्या डोक्यावर टेकला.

"तात्या, मला मारा," ती म्हणाली. "मारा ना."

तात्याबांनी पुढचा आकडा म्हटला नाही. अंधार पडायला लागला, मेंढरं आत बसली, हिंदुराव बांधावरून पाय न वाजवता निघून गेले.

हात मात्र त्यांनी काढला नाही.